विश्लेषण : आरोग्याचे कोणते गैरसमज निरुपद्रवी, कोणते जीवघेणे?

शरीराविषयीचे सगळेच गैरसमज एका मापाचे नसतात. काही ऐकून सोडून देण्यासारखे, काही खिसा हलका करणारे, तर काही उपचाराचा मोलाचा वेळ खाणारे. प्रबोधनाचा भर मात्र बहुतेक वेळा पहिल्या प्रकारावरच असतो.

केळे खाल्ल्याने सर्दी होते. बोटे मोडली की संधिवात होतो. दाढी केली की केस दाट येतात. दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे. यातल्या एकेका समजाचे खंडन करणारे लेख, व्हिडीओ आणि रील रोज कुठे ना कुठे दिसतात आणि आवडीने पाहिलेही जातात. साप चावल्यावर दोरी आवळणे, कुत्र्याच्या चाव्यावर तिखट भरणे, बाळाला जुलाब लागले की पाणी तोडणे, छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणणे हेही गैरसमजच. पण ते ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाच्या मजकुरात क्वचितच बसतात. एखादी समजूत किती चुकीची आहे, यापेक्षा ती रुग्णाचा किती वेळ खाते, हा निकष लावला तर गैरसमजांच्या यादीचा क्रम पूर्ण बदलतो. आरोग्य प्रबोधनाने तोच क्रम धरायला हवा.

निरुपद्रवी गैरसमज कोणते?

बोटे मोडण्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील डॉक्टर डोनाल्ड उंगर यांनी सुमारे ५० वर्षे रोज किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्या हाताची नाही. दोन्ही हातांत संधिवात नसल्याचे त्यांनी १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकाला कळवले. या चिकाटीला २००९ मध्ये ‘इग नोबेल’ हा गमतीदार पुरस्कारही मिळाला. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे. पण बोटे मोडताना येणारा आवाज हाडे घासल्याचा नसून सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीशी संबंधित असतो, हे इतर अभ्यासांतूनही दिसले आहे.

दाढी केल्याने केस दाट होत नाहीत, हे तर १९२८ मध्येच तपासून झाले होते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो राठ वाटतो. आठ ग्लास पाण्याचा उगम अनेकदा १९४५ मधील अमेरिकी आहार मंडळाच्या शिफारशीत शोधला जातो. त्यात दिवसाला अडीच लिटर पाण्याचा उल्लेख होता. पण यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते, हे पुढचे वाक्य गळून पडले. आणि सर्दी होते ती विषाणूंमुळे, केळ्यामुळे नाही.

या समजांचे नुकसान काय? फार तर एखादे मूल थंडीभर केळ्याला मुकते किंवा कुणी दोन ग्लास पाणी जास्त पिते. खंडन व्हावे, पण त्यावरच सगळी शक्ती खर्च होऊ नये.

खिसा कापणारे गैरसमज कोणते?

‘अंगात ताकद नाही, एक बाटली लावा’ ही मागणी गावच्या दवाखान्यापासून शहरातल्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे ऐकू येते. बाटलीत काय असते, याचा हिशेब सोपा आहे. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ०.९ टक्के, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ असते. ताकद शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १०० कॅलरी. एका तूप लावलेल्या पोळीतून साधारण तेवढीच ऊर्जा मिळते. उलट्या थांबत नसतील, शरीरातले पाणी धोकादायक पातळीपर्यंत कमी झाले असेल किंवा शस्त्रक्रिया असेल, तर सलाईन जीव वाचवते. नुसत्या थकव्यावर मात्र ती महागडे मीठपाणी ठरते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला तर अनावश्यक सलाईनचा त्रासही होऊ शकतो.

सर्दी-पडशावर अँटिबायोटिकची गोळी घेण्याचेही असेच. ती जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. सर्दी तशीही आठवड्याभरात बरी होते आणि श्रेय गोळीला जाते. इथे नुकसान एका घरापुरते राहत नाही. औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात आणि उद्या दुसऱ्याच कुणाच्या न्यूमोनियावर तेच औषध चालेनासे होते. हे गैरसमज अर्थातच गंभीर आहेत. पण त्यांचे परिणाम सावकाश होतात आणि चूक सुधारायला वाव राहतो. तिसऱ्या गटात हा वाव नसतो.

सर्पदंशात वेळ कुठे जातो?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. पेरणी, भातलावणी, निंदणी-खुरपणीचा हाच काळ.

दंशानंतर सर्वाधिक वेळ जातो तो तीन गोष्टींत : मांत्रिकाकडे नेणे, दोरी आवळून बांधणे आणि साप शोधत बसणे. दोरी घट्ट आवळली की खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, अवयव सडण्याचा धोका वाढतो. शिवाय ‘विष अडवले आहे’ या भरवशावर धावपळ थंडावते. जखमेवर ब्लेडने चीर देणे आणखी घातक. घोणस आणि फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. रुग्णालयात म्हणूनच काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहिले जाते. विषबाधा ओळखण्याची ही साधी आणि स्वस्त चाचणी.

साप मारून किंवा पकडून आणण्याचीही गरज नसते. भारतात मिळणारे सर्पविषरोधक इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर एकत्रित काम करते. मण्यारीचा दंश तर अनेकदा कळतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. वेदना आणि सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखते, उलटी होते आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, की पुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला पहाटे अचानक पोटदुखी आणि डोळ्यांवर झापड आली, तर सर्पदंशाची शंका घेणे हाच शहाणपणा.

कुत्रा चावल्यावर तिखट की साबण?

चाव्यावर तिखट, हळद, चुना, तेल किंवा तंबाखू भरण्याची पद्धत अजून टिकून आहे. जखम झोंबली म्हणजे विष मरते, असा त्यामागचा तर्क. प्रत्यक्षात अशा पदार्थांनी जखमेतल्या ऊती आणखी दुखावतात आणि विषाणू धुऊन निघायचा राहतो. रेबीजच्या विषाणूभोवती मेदाचे आवरण असते. भांड्यावरचा तेलकटपणा साबणाने जातो, तसे हे आवरणही साबणाने विरघळते. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुणे हा पहिला उपचार. साधी अंगाची किंवा कपड्याची वडीही त्यासाठी चालते. पण धुणे म्हणजे लशीला पर्याय नव्हे.

लस टाळण्यामागे आणखी एक जुनी भीती आहे : ‘पोटात १४ इंजेक्शने’. हे कधी काळी खरे होते. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीत विकसित केलेली, प्राण्यांच्या मज्जासंस्थेच्या ऊतीपासून बनणारी लस तशी पोटावर द्यावी लागत असे. ती भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आताची लस दंडात दिली जाते. स्नायूत द्यायची असेल तर साधारण पाच मात्रा, त्वचेत द्यायची असेल तर चार फेऱ्या. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, कारण लशीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात आणि तेवढ्या काळाची ढाल हे इंजेक्शन पुरवते.

‘पिल्लू होते’, ‘नुसता ओरखडा आहे’, ‘कुत्रा पाळीव आहे’ ही कारणे पुरेशी नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळपास अटळ असतो. इतका मोठा धोका आणि त्यावर इतका खात्रीचा प्रतिबंध, असे दुसरे उदाहरण वैद्यकशास्त्रात शोधावे लागेल. मुलांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. मार किंवा सुई मिळेल या भीतीने ती ओरखडा लपवतात. घरात न रागावता विचारण्याची सवय हाही इथे उपचाराचाच भाग ठरतो.

दात येताना जुलाब होतात का?

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी उच्चारले जाते : ‘दात येताहेत, म्हणून जुलाब.’ दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिर करते. पण दातांमुळे पातळ, वारंवार जुलाब होत नाहीत. मग दोन्ही गोष्टी एकत्र का दिसतात? कारण वय तेच असते. सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात डोकावतो. त्याच सुमारास वरचे अन्न सुरू होते, बाळ रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरू लागतात. म्हणजे जंतुसंसर्गाची संधी वाढते. दोष दातांवर गेला की हात, भांडी आणि पाणी यांच्या स्वच्छतेकडे लक्ष जात नाही आणि उपचारही लांबतो.

त्यात भर पडते ‘पोटाला विश्रांती’ देण्याची. जुलाब थांबावेत म्हणून पाणी आणि दूध तोडले जाते. जुलाबात बाळ दगावते ते बहुतेकदा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. त्याचा पुरवठाच बंद केला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी आत ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा काम करते. ओआरएसचे सारे शास्त्र एवढेच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात विरघळवून नातेवाईकांच्याच हातून रुग्णांना पाजायला सांगितले. ३० टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या दहापैकी सुमारे सहाच मुलांना ओआरएस मिळाल्याचे दिसले. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चालते, चमचा चहाचा. मीठ वाढवू नये, ते बाळाला घातक ठरते. दुकानातल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव झळकण्यानेही मोठा घोळ झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांनी हे नाव वापरू नये, असा आदेश अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. पुडी घेताना मागचा मजकूर वाचणे तरीही आवश्यक आहे.

‘गॅस झाला’ आणि ‘वारे गेले’ यांत धोका काय?

वरच्या उदाहरणांत ‘अंधश्रद्धा’ हा शब्द तरी वापरता येतो. छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणणाऱ्यांत मात्र उच्चशिक्षित, शहरी आणि आरोग्य विमा असलेलेही असतात. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की दुखणे अनेकदा पोटाच्या वरच्या भागात, बेंबी आणि बरगड्यांच्या मध्ये जाणवते. मळमळते, ढेकर येते, घाम फुटतो. सोडा घेतल्यावर ढेकर आली की हायसे वाटते आणि रात्र निघून जाते. मधुमेहींमध्ये तर दुखणे फारसे जाणवतच नाही. नुसता दम लागतो किंवा थकवा येतो. महिलांमध्येही लक्षणे बऱ्याचदा अशीच आडवळणाची असतात आणि ‘दगदग झाली असेल’ म्हणून सोडून दिली जातात.

रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या १२ तासांत देता येते, पण पहिल्या एक-दोन तासांत त्याचा उपयोग सर्वाधिक. नंतर हृदयाचा स्नायू मरत जातो आणि तो पुन्हा तयार होत नाही. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत निघावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पहिला ईसीजी सामान्य आला म्हणजे झटका नाही, हाही गैरसमजच. दुखणे चालू असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही करावी लागते.

पक्षाघाताचे तसेच. ‘वारे गेले’ म्हणत तेल चोळणे, पारव्याचे रक्त लावणे असे प्रकार आजही होतात. शहरात त्याची जागा ‘हात अंगाखाली दबला असेल, झोपल्यावर बरे वाटेल’ या वाक्याने घेतली आहे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतल्या सरासरी १९ लाख पेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला होता. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यातले एकही लक्षण अचानक दिसले तर घड्याळात वाजले किती, हे टिपून थेट सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

चुकीचे उपाय टिकतात कसे?

याचे उत्तर बरेचसे गणितात आहे. भारतातले बहुतेक साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष टोचतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेले अनेक जण काहीही न करता बरे होणारच असतात. ते गावात परत येतात आणि अनुभव सांगतात. जे दगावतात त्यांची बाजू सांगायला कुणी नसते. ‘उशीर झाला’ किंवा ‘नशीब’ एवढीच नोंद राहते.

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचेही तेच. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो आणि श्रेय चपलेला मिळते. तोंडात चमचा घालणे मात्र त्याहून वाईट. त्याने दात तुटतात, श्वास अडतो. कावीळ ‘उतरवणाऱ्यां’कडे हात धुतल्यावर पाणी पिवळे होते ते झाडाच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी यांच्या रासायनिक क्रियेमुळे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून हा धंदा चालतो. पण कावीळ लेप्टोस्पायरोसिसची असेल किंवा पित्तमार्गात खडा अडकल्याने असेल, तर गेलेले आठवडे परत येत नाहीत.

थोडक्यात, आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारांच्या जिवावर चुकीच्या उपायांची पत टिकते. ‘आमच्याकडे गुण आला’ हे वाक्य म्हणूनच खोटे नसते. ते फक्त अपुरे असते.

कायदा काय सांगतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीतील एक कलम इथे महत्त्वाचे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हे कलम कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. उपचारापासून रोखण्यावर ठेवते. म्हणजे समजूत खरी की खोटी यापेक्षा ती माणसाचा उपचार हिरावून घेते का, हाच निकष कायद्यानेही मानला आहे. अर्थात कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. मांत्रिकाला शिक्षा होऊ शकते. ‘गॅस झाला असेल, सकाळी बघू’ म्हणणाऱ्या घरच्यांना कोणता कायदा लावणार? तिथे माहितीच उपयोगी पडते.

दोष फक्त अज्ञानाचा आहे का?

नाही. रात्री एक वाजता वाडीवर साप चावला तर मांत्रिक चार घरे सोडून असतो. आरोग्य केंद्र पाच-दहा किलोमीटरवर. तिथे डॉक्टर असेल का, इंजेक्शनचा साठा असेल का, की पुढे तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला पाठवतील, याची खात्री नसते. अशा वेळी जवळचा पर्याय निवडणारा माणूस मूर्ख नसतो. त्याने आपल्या अनुभवातून काढलेला तो निष्कर्ष असतो. त्याला ‘अडाणी’ म्हणून मोकळे होणे हा व्यवस्थेच्या सोयीचा गैरसमज आहे.

कोकणातल्या विंचूदंशाचा इतिहास उलट बाजूने हेच सांगतो. लाल विंचवाच्या दंशाने एके काळी तिथे मुले सर्रास दगावत. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवून प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा वापर सुरू केला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि विंचूदंशाचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उतारा देणाऱ्यांवर केवळ टीका करून हा फरक पडला नसता. जवळच्या दवाखान्यात खरोखर गुण येतो, हे दिसल्यावर लोकांची पावले तिकडे वळतात.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. ते गाठायचे तर पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनचा साठा आणि ते देण्याचा आत्मविश्वास असलेला डॉक्टर, दोन्ही लागतील. ‘रुग्णालयात जा’ हे सांगणे तेव्हाच प्रामाणिक ठरते.

मग प्रबोधन कसे हवे?

पहिली गोष्ट म्हणजे घरगुती उपायांना सरसकट शत्रू ठरवू नये. जुलाबात भाताची पेज आणि पातळ ताक उपयोगीच असते. खोकल्यावर मध एक वर्षावरील मुलांना चालतो. त्याखालच्या बाळाला मात्र मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आजीचे सगळेच चूक म्हटले की आजी ऐकणे बंद करते आणि घरात पहिला निर्णय बहुतेकदा तीच घेते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संकटात माणसाला हाताने काहीतरी करायचे असते. ‘हे करू नका’ एवढेच सांगितले तर रिकामे हात पुन्हा जुन्याच गोष्टीकडे जातात. म्हणून प्रत्येक ‘नको’ला जोडून एक ‘करा’ द्यायला हवा.

साप चावला : दोरी नको. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा.

कुत्रा चावला : तिखट, हळद नको. साबण आणि वाहते पाणी १५ मिनिटे, त्याच दिवशी लस.

फिट आली : कांदा, चप्पल, चमचा नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर रुग्णालय.

भाजले : टूथपेस्ट, तूप, शाई, बर्फ नको. नळाचे साधे वाहते पाणी २० मिनिटे.

बाळाला जुलाब : पाणी, दूध तोडणे नको. ओआरएस, स्तनपान चालू, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली तर लगेच दवाखाना.

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, सोबत घाम : सोडा घेऊन वाट पाहणे नको. लगेच ईसीजी, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

एवढी यादी एका पानावर मावते. ती शाळेच्या भिंतीवर, रेशन दुकानात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि गणेशोत्सवाच्या मंडपात लावता येईल. आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटीत आणि अंगणवाडीच्या बैठकीतही ती वाचून दाखवता येईल. पावसाळ्याआधी सर्पदंश आणि जुलाब, परीक्षेनंतरच्या सुट्टीत कुत्र्याचा चावा, दिवाळीआधी भाजण्याचे उपचार, असा हंगामाचा क्रम लावला तर ती लक्षातही राहील. केळ्याने सर्दी होते की नाही, हा वाद त्यानंतरही सावकाश मिटवता येईल. त्याला घाई नाही.